नजरेनं आंबलेली वाइन

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटलं तर मलाच वाईट वाटेल, कारण आजवर माझं काहीही कुणाला खरं वाटलेलं नाही आणि या वयात नाव खराब करून घ्यायची माझी इच्छा नाही. पण सांगतो. मी नुसत्या नजरेनं वाइनचं व्हिनेगर केलेलं आहे. हात न लावता, झाकण न उघडता. आणि एकदा चुकून झालं असंही नाही. पाहिजे तेव्हा.

गेल्या रविवारी दुपारी साडूभाऊ आणि ताई आमच्याकडे जेवायला आले होते. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि साडूभाऊ तिचा नवरा. जेवण उरकलं होतं, उष्ट्या बश्या तशाच पडल्या होत्या, मध्ये स्वस्तातल्या तांबड्या वाइनची बाटली उघडी होती आणि आमची नवी सूनबाई त्या बाटलीच्या गळ्यातलं कार्ड उलटसुलट करून वाचत होती. दुकानात प्रत्येक बाटलीच्या गळ्यात असं एक कार्ड बांधलेलं असतं. त्यावर वीसपैकी गुण, आणि खाली वाइन कशी आहे ते दोन ओळींत.

"बाबा, हे गुण देतं तरी कोण?" तिनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. ताई म्हणाली, "झालं. आता संध्याकाळचंही जेवण इथंच."

साडूभाऊ मात्र हसले. "सांगा की साडूभाऊ. तुमच्यासारखं आम्हाला कुठं सांगता येतं?"

बघा, हा त्यांचा स्वभाव. भांडायला जावं तर हा माणूस बसायला खुर्ची पुढं करतो. अशा माणसाचा राग धरायला किती ताकद लागते याची तुम्हाला कल्पना नाही. मी आयुष्यभर ती कमावलेली आहे.

तर मी सूनबाईला सांगितलं ते असं.

मी आणि साडूभाऊ दोघंही एका घाऊक वाइनच्या पेढीत चव घेण्याच्या नोकरीत होतो. उंची वाइन नव्हे. वाढदिवसाची वाइन वेगळी आणि मंगळवारची वाइन वेगळी, आमची मंगळवारची. माणूस पाव घेतो, साबण घेतो आणि जाता जाता टोपलीत एक बाटली टाकतो, ती. अशा बाटल्या गोदामात गाड्या भरभरून यायच्या, आणि त्यातली कुठली दुकानात मांडायची, कुठली आल्या पावली परत धाडायची, हे आम्ही पाचजण ठरवायचो.

गोदामाच्या मागं आमची खोली. भिंतींना पांढऱ्या फरशा, टेबलावर पांढरा कागद, म्हणजे वाइनचा रंग लपत नाही. एक मोठी खिडकी, एक नळ, आणि मध्ये भुसा भरलेली बादली. घोट घ्यायचा, तोंडात चूळ भरल्यासारखा फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. गिळायला बंदी. सकाळी कांदा खायला बंदी, अत्तर लावायला बंदी. बाटलीवरची चिठ्ठी दिसू नये म्हणून प्रत्येक बाटलीला मोजा घातलेला असे, आणि मोज्यावर क्रमांक. मोजे आमच्याच घरांतले, ज्यांचा जोडीदार हरवला आहे असे विधुर मोजे.

खिडकीजवळ एक खुर्ची होती. तिच्यात आमच्यातले सगळ्यांत जुने, म्हणजे आमचे थोरले, बसायचे. आम्ही सगळे गुण द्यायचो, पण कार्डावर छापले जायचे ते त्या खुर्चीचे. बाकीच्यांचे गुण म्हणजे लग्नातले वाजंत्री, हवेत खरे पण नवरदेव दुसराच. थोरल्यांचे गुडघे गेले होते आणि ते लवकरच घरी बसणार होते. त्यांच्या शेजारची, दुसरी खुर्ची माझी. म्हणजे पुढचा नंबर माझा. हे मला ठाऊक होतं, थोरल्यांना ठाऊक होतं, खुद्द त्या खुर्चीलाही ठाऊक होतं. मी जवळून गेलो की ती अदबीनं थोडी मागं सरकायची.

"खुर्ची?" सूनबाई म्हणाली.

"लाकडी होती," साडूभाऊ म्हणाले. "मी पाहिलंय सरकताना."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आणि माझी जीभ तरी काय होती म्हणता. एका घोटात मी डोंगराची कुठली बाजू ते सांगे, पाऊस वेळेवर झाला की नाही ते सांगे, आणि द्राक्षं तोडणाऱ्या बाईला बूट चावत होता का, तेही सांगे. डावा की उजवा, यात मात्र कधीकधी चुकायचो. खोटं कशाला बोला.

अशात एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, भाऊजींचं टोप्यांचं दुकान बंद पडलं. लोक टोप्याच घालीनासे झालेत. ताईचा चेहरा बघवत नाही. तुमच्याकडे लावा की त्यांना कुठंतरी."

मी लावलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर तो निदान घरातला असावा. टेबलाच्या पार टोकाची, नळाजवळची खुर्ची रिकामी होती. तिथं त्यांना बसवलं आणि सांगितलं, "जास्त बोलू नका. रंग बघा, वास घ्या, चव घ्या, थुंका, आकडा सांगा."

पहिल्याच सकाळी एक तांबडी आली. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "पातळ आहे. चालेल. अकरा."

टोकाला साडूभाऊंनी डोळे मिटले. तोंडातला घोट इकडून तिकडं नेला, बादलीत टाकला, आणि म्हणाले, "नापास होऊन घरी यावं आणि बापानं काही न बोलता डोक्यावर हात ठेवावा, तशी आहे. तेरा."

थोरल्यांनी पेला खाली ठेवला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "हे कार्डावर घाला. जसंच्या तसं."

घातलं. ती वाइन, जिला मी 'चालेल' म्हटलं होतं, ती दुसऱ्या दिवशी दुकानात शिल्लक राहिली नाही. मोठमोठे मिशाळ पुरुष येऊन हळू आवाजात विचारत होते, "ती बापाची आहे का हो?"

मग काय, सुरूच झालं. एका पांढरीला हे म्हणाले, 'उशीर झालेला असताना समोरून रिकामी बस यावी, तशी.' दुसरीला म्हणाले, 'भांडण मिटल्यावर दोघांनी एकदम बोलायला सुरुवात करावी, तशी.' आता वाइन अशी असते का? वाइन आंबट असते, तुरट असते, बरी असते नाहीतर वाईट असते. पण लोकांना आवडायचं. थोरल्यांना आवडायचं. आमच्या मालकीणबाई, ज्या कधी खोलीत फिरकत नसत, त्या आता रोज दाराशी उभ्या राहून ऐकायच्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण घरीही तेच. बायको बाजारातून यायची ती कार्ड वाचत. "भाऊजींनी काय लिहिलंय बघा." एकदा अशीच समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, मी तुम्हाला कशी वाटते? म्हणजे, कशासारखी?"

मी विचार केला. अगदी मनापासून केला. आणि म्हणालो, "चालेल."

"किती दिवस गार जेवलात ते सांगा तिला," बायको रविवारी मध्येच म्हणाली.

"ते गोष्टीत नाही."

"गोष्टीत नाही कसं? खरं घडलेलं तेवढंच तर आहे."

मी तिकडं लक्ष दिलं नाही. तर सूनबाई, मत्सर मत्सर म्हणतात तो मला तेव्हा झाला. बारीकसारीक नव्हे. माणसं दुसऱ्याला पाण्यात पाहतात, मी साडूभाऊंना वाइनमध्ये पाहायला लागलो. सकाळी पेला उचलला की आत त्यांचा चेहरा, आणि तोही हसरा. त्यांना शिंक आली तर वाटायचं, बरं झालं. मग थोरले म्हणायचे, "काय शिंक आहे, वास कुठवर पोचला बघा." म्हणजे शिंकेचेही गुण त्यांनाच.

आणि एका सकाळी ते झालं. साडूभाऊंच्या हातात एक गुलाबी वाइनची बाटली होती. थोरल्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे नाक आम्हाला आधी का नाही मिळालं?" आधी म्हणजे माझ्या काळात. मी फक्त त्या बाटलीकडं पाहिलं.

बाटलीतून बारीक उसासा आला. चुलीवरचं दूध उतू जाण्याआधी हलतं तशी आतली वाइन हलली. मोज्याचा रंग उडाला. थोरल्यांनी पेल्यात ओतून चव घेतली आणि त्यांचं तोंड आत वळलं. व्हिनेगर. तेही उत्तम प्रतीचं. खिडकीतून चिलटं आली, आणि घाईघाईनं नाही, रांगेनं आली; मालकीणबाई दारात होत्या तर त्यांना आधी वाट दिली.

"हे मात्र खरं," साडूभाऊ सूनबाईला म्हणाले. "त्या दिवशी माझ्या कोटाच्या पितळी गुंड्यासुद्धा हिरव्या पडल्या होत्या."

हे बघा. मी खोटं सांगतोय आणि हा माणूस त्याला साक्ष देतोय, वर माझ्या खोट्यापेक्षा बरं खोटं बोलतोय. गुंड्यांचं मला सुचलं नव्हतं. तेव्हाही असंच होतं.

मग मला सवयच लागली. ज्या बाटलीचं त्यांनी कौतुक करावं ती दुपारपर्यंत आंबलेली. घरी तर कहर झाला. बायकोला लोणच्यासाठी व्हिनेगर लागलं की ती दुकानात जायची नाही. साध्या पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवायची आणि सहज बोलल्यासारखं म्हणायची, "भाऊजींनी ताईला नवा कोट घेतला." झालं. बाटली तयार. त्या वर्षी आमच्याकडं इतकं लोणचं झालं की शेजारी आम्हाला टाळायला लागले.

"पाण्याचं व्हिनेगर?" सूनबाईनं माझ्या बायकोला विचारलं.

"थोडं कडक व्हायचं," बायको गंभीरपणे म्हणाली. "कोटाचं सांगितलं की कडक. नुसत्या हातमोज्यांचं सांगितलं की सौम्य."

पण खरं नुकसान वेगळंच होत होतं. मी वाइनची चव घेणं सोडून दिलं होतं. पेला तोंडाला लावायचो, पण डोळे टेबलाच्या टोकाला. साडूभाऊंचा चेहरा उजळला की मी कमी गुण द्यायचो. त्यांच्या कपाळाला आठी पडली की मी भरभरून द्यायचो. घोट कसा होता म्हणून कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. माझ्या जिभेचं काम आता डोळे करत होते, आणि डोळ्यांना एकच चव कळत होती.

थोरल्यांच्या निरोपाचा दिवस जवळ आला. मालकीणबाई म्हणाल्या, "खुर्ची कुणाची ते चवीनंच ठरू दे. तुम्ही दोघं बसा. मी स्वतः ओतते."

आमच्या धंद्यात चव घेणाऱ्याची परीक्षा कशी घेतात ते सूनबाईला सांगावं लागलं, तुम्हालाही सांगतो. मोजे घातलेल्या बाटल्यांची रांग लावतात आणि त्या रांगेत एकच वाइन दोनदा ठेवतात, वेगवेगळ्या मोज्यांत, न सांगता. तिला आम्ही जुळं म्हणतो. जुळ्या बाटल्यांना माणसानं सारखेच गुण दिले, फार तर एखादा इकडं तिकडं, तर त्याची जीभ शाबूत. पहिल्या बाटलीला खूप आणि तिच्याच जुळ्या बहिणीला थोडे दिले, तर त्याचं बाकीचं सगळं बादलीत. मग तो कितीही शहाणा असो.

माझा बेत सोपा होता. जुळं कुठलं ते ओळखायचं, आणि त्यातली दुसरी बाटली साडूभाऊंच्या पेल्यात पडली की त्या पेल्याकडे बघायचं. फक्त त्यांच्या पेल्याकडे. पहिल्यांदा गोड, दुसऱ्यांदा व्हिनेगर. गुण एकमेकांपासून कोसभर लांब पडतील आणि खुर्ची माझी.

सकाळी खोलीत शिरलो तर साडूभाऊ मालकीणबाईंशी बोलत होते. मला बघून गप्प झाले नाहीत. मोठ्यानंच म्हणाले, "मी सांगत होतो यांना, की परीक्षा कशाला? खुर्ची यांची आहे. मला इथं यांनीच आणलं." आणि माझ्याकडे वळून, "साडूभाऊ, पाणी पिऊन घ्या आधी. तुमचं तोंड कोरडं दिसतंय."

मला आधी जेवढा मत्सर होता तो घरगुती होता. हा आता जो उसळला तो कारखान्याचा होता. खुर्ची मी जिंकावी, हिसकावून घ्यावी, ते ठीक. पण त्यांनी ती मला द्यावी? मागची भिंत नसती तर मी मागं पडलो असतो.

बसलो. मालकीणबाई ओतत गेल्या. रांगेच्या सुरुवातीलाच एक तांबडी आली. साडूभाऊंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला की खिडकीची गरज उरली नाही. माझ्या हातानं सवयीप्रमाणं कागदावर आकडा लिहिला. पाच.

पुढं बाटल्या येत गेल्या. आणि शेवटाकडे एक करडा मोजा आला. मी वास घेतला आणि ओळखली. जुळं. तीच तांबडी. मत्सरानं जीभ गेली होती पण नाक अजून थोडं शिल्लक होतं. मालकीणबाईंनी साडूभाऊंच्या पेल्यात ओतली, आणि मी त्या पेल्याकडे पाहिलं. टोप्यांच्या दुकानापासून ते 'पाणी पिऊन घ्या' पर्यंत जे काही साठलं होतं ते सगळं घालून पाहिलं. पेल्याची काच दुधाळ झाली. टेबलावरच्या पांढऱ्या कागदाच्या कडा वळल्या. गोदामात मागं कुठंतरी एक बूच आपण होऊन उडालं.

साडूभाऊंनी घोट घेतला. त्यांचा चेहरा लिंबासारखा आखडला.

आणि माझ्या हातानं, सूनबाई, त्या आखडलेल्या चेहऱ्याकडे बघत, रोजच्यासारखा आकडा लिहिला. अठरा.

लिहून झाल्यावर मी कागदाकडे पाहिलं. एकाच वाइनला पाच आणि अठरा. सापळा त्यांच्यासाठी लावला आणि पाय माझा अडकला. मी विचार केला, काही हरकत नाही, त्यांचंही तेच झालं असणार. दोघंही नापास. खुर्ची कुणालाच नाही. तेही मला चाललं असतं.

मालकीणबाईंनी त्यांना विचारलं, "करड्या मोज्याला किती?"

साडूभाऊंनी तोंड पुसलं. म्हणाले, "ही मघाची तांबडीच आहे. गुण तेच, पंधरा. फक्त हिच्याकडे कुणीतरी फार वेळ वाईट नजरेनं पाहिलंय. त्यात हिचा काय दोष?"

म्हणजे या माणसानं माझा मत्सर चाखला, ओळखला, आणि वाइनचे गुण कापले नाहीत.

खुर्ची त्यांना मिळाली. ते बसले तेव्हा ती जराही मागं सरकली नाही, उलट पुढं आली, निमकहराम. पहिल्याच दिवशी त्यांनी मालकीणबाईंना सांगून कार्डावर माझेही गुण छापायची सोय केली. त्यांच्या दोन ओळींच्या खाली, बारीक अक्षरात, आकडा आणि 'चालेल'. चष्मा लावल्याशिवाय दिसत नसे. ते मुद्दाम मला चष्मा आणून देत.

रविवारी एवढं सांगून मी थांबलो. ताई हसून डोळे पुसत होती. साडूभाऊ टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होते. त्यांच्या गालावर लाली होती, वाइनची की कौतुकाची, कोण जाणे. मी खोटं सांगायचं आणि कौतुक त्यांचं व्हायचं, हेही नेहमीचंच.

"पण बाबा," सूनबाई म्हणाली, "मग ते व्हिनेगर व्हायचं बंद कधी झालं?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो, आणि बाटली उचलली. "करड्या मोज्याच्या दिवशी. माणूस हरला की मोकळा होतो, बेटा. खुर्ची त्यांची होती, त्यांना मिळाली. मनातलं सगळं त्या एका पेल्यात उतरलं आणि मन कसं धुतल्यासारखं झालं. तेव्हापासून मी या माणसाकडे बघतो ते भावाकडे बघावं तसं. साधी ठिणगीसुद्धा नाही. घ्या साडूभाऊ, तुमचा पेला रिकामा आहे."

मी ओतलं. साडूभाऊ म्हणाले, "खरं आहे. अगदी खरं."

बायकोनं बश्या गोळा करता करता हात थांबवला.

"खुर्ची सरकली, मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "पाण्याचं व्हिनेगर झालं, मी हो म्हटलं. चिलटांनी रांग लावली, लावू दे. पण हे शेवटचं साफ खोटं आहे. आम्हा सगळ्यांना वरची नितळ वाइन दिलीत, आणि भाऊजींच्या पेल्यात आत्ता बाटली उपडी करून तळाचा गाळ ओतलात."